सगळे परत आले, मग क्रायसिस फुकट गेली का?

‘काय उपयोग झाला त्या क्रायसिसचा? बॅरी परत आला, सुपरगर्ल परत आली, मल्टिव्हर्सपण परत आला.’ अमेरिकन कॉमिक्स वाचणारे चार जण एकत्र बसले की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. क्रायसिस म्हणजे डीसी या कॉमिक्स कंपनीची 1985 मधली मालिका, बॅरी म्हणजे फ्लॅश, प्रचंड वेगाने धावणारा हिरो, तो आणि सुपरगर्ल तिच्यात मेले; आणि मल्टिव्हर्स म्हणजे अनेक पृथ्व्या असलेलं विश्व, ते तिने संपवलं. मग समोरचा चिडतो, म्हणतो अरे ती पहिली एवढी मोठी इव्हेंट, म्हणजे सगळ्या हिरोंना एकत्र आणणारी मालिका, होती, त्यात दोन मोठे हिरो मेले, डीसीचं सगळं विश्व नव्याने मांडलं, तिला फुकट कसं म्हणतोस? पुढचा तासभर दोघं एकमेकांना तारखा सांगत बसतात. मला हा वाद ऐकताना दरवेळी वाईट वाटतं कारण दोघंही चुकीची पट्टी घेऊन मोजतायत. एक जण मोजतोय ‘काय टिकलं’, दुसरा मोजतोय ‘केवढं मोठं होतं’. माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ज्या कामासाठी काढली त्या कामात ती नापास झाली, आणि तरीही ती सार्थकी लागली. कारण एखादी इव्हेंट वसूल झाली की नाही हे त्या इव्हेंटच्या अंकांत कळतच नाही, ते कळतं त्यानंतरच्या साध्या, दर महिन्याच्या अंकांत. तिच्याशिवाय लिहिताच आल्या नसत्या अशा किती चांगल्या गोष्टी पुढे लिहिल्या गेल्या, आणि तिने किती चांगल्या गोष्टींचा गळा घोटला, हा हिशोब मांडायचा.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1956 मध्ये डीसीने नवा फ्लॅश आणला, बॅरी ॲलन. जुना फ्लॅश, म्हणजे जे गॅरिक, 1940 च्या दशकातला. 1961 मध्ये ‘फ्लॅश’च्या 123 व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी या दोघांची भेट घडवली आणि खुलासा असा केला की जे गॅरिक राहतो दुसऱ्या पृथ्वीवर. झालं, दार उघडलं. 1963 पासून बॅरीच्या पृथ्वीवरच्या हिरोंचा संघ जस्टिस लीग आणि दुसऱ्या पृथ्वीवरच्या जुन्या हिरोंचा संघ जस्टिस सोसायटी दरवर्षी भेटायला लागले, मग तिसरी पृथ्वी, मग आणखी. 1985 ला कंपनीची पन्नाशी आली तेव्हा लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांची मालिका काढली, ज्यात अँटी-मॉनिटर नावाचा खलनायक एकेक विश्व गिळत जातो आणि शेवटी सगळ्या पृथ्व्यांची मिळून एकच पृथ्वी उरते. कारण दिलं ते हे की नवीन वाचक गोंधळतो, त्याच्यासाठी सोपं करायचंय.

माझ्याकडे आठवा अंक आहे, मुंबईत फोर्टच्या फूटपाथवर घेतलेला, पानं पिवळी पडलेली, पिना गंजलेल्या. हा अंक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दुसरा अंक आधीच वाचलेला होता आणि त्यातलं एक पान मला अजिबात कळलं नव्हतं. बॅटमन जोकरच्या मागे लागलेला असतो, अचानक तिथे फ्लॅश प्रकट होतो, जग संपतंय असं काहीतरी ओरडतो आणि डोळ्यांदेखत झिजून नाहीसा होतो. सहा अंकांनंतर त्याचं उत्तर मिळतं. बॅरी तोपर्यंत निवृत्त झालेला माणूस आहे, बायकोबरोबर तिसाव्या शतकात सुखाने राहायला गेलेला. अँटी-मॉनिटरने त्याला पकडून ठेवलंय आणि पहाऱ्यावर बसलाय सायको-पायरेट, दुसऱ्याच्या मनात भीती भरणारा. बॅरी सुटतो, त्याच सायको-पायरेटला हाताशी धरून शत्रूचं सैन्य त्याच्यावरच उलटवतो आणि मग त्या अँटी-मॅटर तोफेभोवती धावायला लागतो. पेरेझ एरवी एकेका पानात पन्नास माणसं कोंबतो, पण इथे उरतो तो फक्त धावणारा एक माणूस. तो इतका जोरात धावतो की काळात मागे जायला लागतो, मित्रांना सावध करायला बघतो, आणि तेव्हा कळतं की दुसऱ्या अंकात बॅटमनला दिसला तो हाच, या क्षणातून तिथे पोचलेला. म्हणजे आपण त्याचं मरण सहा महिने आधीच पाहिलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं. शेवटी तोफ फुटते आणि पोशाख रिकामा पडतो. आजूबाजूला एकही मित्र नाही. ज्या माणसाने 1961 ला दुसऱ्या पृथ्वीचं दार उघडलं, त्याच्याच मरणाने ते बंद व्हायला लागतं. हे जर नुसतं ‘खप वाढवायला एक हिरो मारला’ असं असतं तर इतकं नेमकं बांधलं असतं का?

आता पहिला आक्षेप, आणि तो कच्चा नाही. बॅरी 2008 ला परत आला, सुपरगर्ल 2004 ला, आणि अनेक पृथ्व्या 2007 पर्यंत पुन्हा उभ्या राहिल्या. मग मेले ते कशाला? मान्य, मरण परत फिरवलं की त्याची धार जाते, आणि मोठ्या प्रकाशकांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे इतक्या वेळा केलंय की वाचकाचा विश्वासच उडालाय. पण ‘नंतर परत आलं’ म्हणजे ‘झालंच नाही’ हे कुठलं तर्कशास्त्र? 1761 ला पानिपत झालं आणि 1771 मध्ये मराठी फौजांनी दिल्ली परत घेतली. म्हणून पानिपताने काही बदललं नाही असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? ज्यांचे बाप-भाऊ परतलेच नाहीत त्यांच्या घरात ती मधली दहा वर्षं कशी गेली, पेशवाईच्या गादीवर कोण आलं, कोणते सरदार पुढे आले, सगळा पुढचा इतिहास त्या पोकळीतून घडला. पोकळी पुढे भरली जाईल का यापेक्षा ती किती वर्षं राहिली आणि तेवढ्या वेळात तिच्यात काय उगवलं हे बघायला हवं.

याच्या उलट उदाहरण घ्या. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल, तिच्या ‘सिव्हिल वॉर’ या इव्हेंटमध्ये 2006 ला स्पायडरमॅनने पत्रकारांसमोर मुखवटा काढून आपलं नाव सांगितलं. केवढी जबरदस्त गोष्ट होती ती! त्याचा फटका मे काकूला बसला, तिला गोळी लागली, इथपर्यंत गोष्ट नीट चालली होती. आणि 2007 संपेपर्यंत जादूने सगळं जग ते नाव विसरून गेलं. दीड वर्ष. ज्याचं खरं नाव अख्ख्या न्यूयॉर्कला माहीत आहे असा पीटर पार्कर नोकरी कशी करेल, शेजारी त्याच्याशी कसे वागतील, हे लिहायला कुणाला सवडच मिळाली नाही. परत फिरवणं म्हणतात ते हे, पीक यायच्या आत नांगर फिरवला. बॅरीच्या बाबतीत मध्ये बावीस-तेवीस वर्षं गेली. बॅरी मेला तेव्हा जन्मलेलं पोरगं तो परत येईपर्यंत कॉलेज संपवून नोकरीला लागलं होतं, आणि त्याच्या लेखी फ्लॅश म्हणजे वॉली वेस्ट.

वॉलीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या कारण माझा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. वॉली म्हणजे किड फ्लॅश, बॅरीचा भाचा लागतो, म्हणजे बॅरीची बायको आयरिस हिच्या भावाचा मुलगा. क्रायसिसच्या शेवटच्या अंकात त्याला बॅरीचा रिकामा पोशाख सापडतो आणि तो अंगावर चढवून तो म्हणतो आता मी फ्लॅश. 1987 ला त्याची स्वतःची मालिका सुरू झाली. लेखक माइक बॅरन यांनी काय केलं बघा: वेग कमी केला, ध्वनीच्या वेगाच्या आसपासच थांबणारा; धावल्यावर राक्षसी भूक लागणारा, लॉटरी लागलेला, बायकांच्या मागे असलेला, बराचसा आगाऊ असा वीस वर्षांचा मुलगा. पुष्कळ जुन्या वाचकांना तो आवडला नाही, आणि ते बरोबरच होतं, मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसलेला पोरगा सुरुवातीला कुणाला आवडतो? मग मार्क वेड आले, आणि 1993 मध्ये 74 ते 79 या अंकांत त्यांनी बॅरीच्या परत येण्याची गोष्ट लिहिली. नाताळच्या रात्री दार वाजतं आणि दारात बॅरी उभा. वॉली आनंदाने वेडा होतो. पण हळूहळू तो बॅरी विचित्र वागायला लागतो, शहराने आपल्यापेक्षा या पोराला जास्त मान दिलेला त्याला खपत नाही, एके दिवशी तो वॉलीला मरायला सोडून जातो. शेवटी कळतं की हा बॅरी नाहीच, त्याचा भविष्यातला वैरी थॉन आहे, बॅरीचा चेहरा घेतलेला. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्याला स्वतःलाही आपण बॅरी आहोत असंच वाटत असतं.

हे वाचताना मराठी माणसाला तोतया आठवल्याशिवाय राहतो का? पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले पण अनेकांनी ते मानलंच नाही. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. आणि मग एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणाला, आणि 1776 पर्यंत म्हणजे पंधरा वर्षांनंतरही त्याच्यामागे माणसं, किल्ले, पैसा उभा राहिला. का राहिला? तो भाऊंसारखा दिसतो की नाही हा प्रश्न दुय्यम होता, लोकांना भाऊ परत हवे होते. तोतया तिथेच उभा राहू शकतो जिथे खरा माणूस खरोखर गेलाय आणि त्याचं जाणं लोकांना सहन झालेलं नाही. वेड यांची गोष्ट चालली कारण आठ वर्षं बॅरी खरंच मेलेला होता आणि वाचकाच्या मनातही ‘परत यावा’ ही इच्छा होती. दार वाजल्यावर वॉली जसा फसतो तसा वाचकपण फसतो. आणि मग वॉलीला उमगतं की आपण इतकी वर्षं हळू का धावत होतो: बॅरीच्या बरोबरीला गेलो तर बॅरी खरंच गेला हे मान्य करावं लागेल, ही भीती. ती भीती सुटते आणि तो पहिल्यांदा पूर्ण वेगाने धावतो. 1987 पासून त्याचा वेग कमी का होता याचं इतकं माणसाळलेलं उत्तर सुपरहिरो कॉमिक्समध्ये मी दुसरीकडे वाचलेलं नाही. क्रायसिस नसती तर ही गोष्ट लिहिता आली असती का? नसती. बॅरी जिवंत असता तर वॉली आजही किड फ्लॅशच राहिला असता.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि इथे मी बराचसा शरण जातो. कंटिन्युइटी, म्हणजे सगळ्या मासिकांतल्या घटनांचा एकमेकांशी मेळ, सोपी करायची होती, ती भयंकर अवघड झाली. 1986 ला जॉन बर्न यांनी सुपरमॅन पहिल्यापासून सुरू केला, 1987 ला पेरेझ यांनी वंडर वुमन पहिल्यापासून सुरू केली, पण बॅटमन, ग्रीन लँटर्न, टीन टायटन्स हे सगळे मागचंच पुढे चालू. आता बघा, वंडर वुमन जर जगात आत्ताच आली, तर डॉना ट्रॉय, जिला लहानपणी वंडर वुमनने आगीतून वाचवलं आणि जी कित्येक वर्षं टायटन्समध्ये वंडर गर्ल म्हणून लढतेय, तिला वाचवलं कुणी? तिचा जन्मवृत्तांत नव्याने लिहावा लागला. पॉवर गर्ल सुपरमॅनची दुसऱ्या पृथ्वीवरची चुलत बहीण होती, ती पृथ्वीच गेल्यावर तिला अटलांटिसच्या जादूगाराची वंशज करून टाकलं. हॉकमॅनचं तर विचारूच नका, साठच्या दशकापासून जस्टिस लीगमध्ये असलेला माणूस 1990 च्या मालिकेत पृथ्वीवर नवीनच आला. एवढं ठिगळ लावून झाल्यावर 1994 ला ‘झिरो अवर’ काढावी लागली, परत साफसफाई म्हणून. पण हा दोष नक्की कुणाचा? वुल्फमन यांची सूचना होती की क्रायसिसनंतर सगळी मासिकं एकदम अंक एकपासून सुरू करावीत. ते केलं नाही. अर्धं घर पाडून नवीन बांधायचं आणि अर्धं जुन्याच भिंतींवर ठेवायचं म्हटल्यावर मध्ये भेगा पडणारच, त्याचा राग जमीन साफ करणाऱ्यावर का काढायचा? तरीपण मी हे नाकारत नाही की ‘सोपं करणं’ हे उद्दिष्टच मुळात चुकीचं होतं. दोन पृथ्व्या मुलांना कळत नाहीत हे कुणी ठरवलं? ज्या पोराला महाभारतात कुणाचा कोण हे सांगता येतं त्याला दोन फ्लॅश जड जातात होय?

आणि तिसरी गोष्ट, जिथे मला उत्तर देता येत नाही, फक्त सांगता येतं. सातव्या अंकाचं कव्हर जगभर ओळखतात: सुपरमॅनच्या हातांवर मेलेली सुपरगर्ल, तो रडतोय आणि मागे सगळे हिरो माना खाली घालून. पण त्यानंतर तिचं असणंच पुसून टाकलं. सुपरमॅन हा क्रिप्टॉन ग्रहाचा एकटाच वाचलेला हवा म्हणून कारा, म्हणजे सुपरगर्ल, कधी नव्हतीच असं ठरलं. म्हणजे वाचकाला रडवलं आणि मग सांगितलं तुम्ही कुणासाठी रडलात हेच आठवायचं नाही. बॅरीच्या मरणातून वॉली उगवला, काराच्या मरणातून कंपनीने काही उगवूच दिलं नाही. दुसऱ्या पृथ्वीचंही तसंच. रॉय थॉमस ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या हिरोंची गोष्ट किती प्रेमाने लिहीत होते, त्यातून सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन काढून घेतले, मालिका 1987 ला बंद झाली, आणि जस्टिस सोसायटीच्या म्हाताऱ्यांना न संपणाऱ्या युद्धात अडकवून बाजूला टाकलं. हे नुकसान आहे, खात्यात उधारीच्या बाजूलाच लिहायला हवं, आणि क्रायसिसचे भक्त ते लिहीत नाहीत याचा मला राग येतो. फक्त एवढं सांगतो की 1989 च्या नाताळ विशेषांकात ॲलन ब्रेनर्ट यांनी एक छोटीशी गोष्ट लिहिली. डेडमॅन, म्हणजे कुणालाच न दिसणारं भूत, आपल्या कामाची कुणी दखल घेत नाही म्हणून खचून बसलाय. एक सोनेरी केसांची बाई येऊन त्याच्याशी बोलते, आपण होतो हे कुणाला आठवलं नाही तरी करायचं ते काम करायचंच असं त्याला समजावते आणि जाताना नाव सांगते, कारा. बास. कंपनीने जिला पुसलं तिच्या पुसलं जाण्यातूनच एका लेखकाने तिला दिलेलं हे श्रद्धांजलीचं पान आहे, आणि ते मी कितीदा वाचलंय ते मोजलेलं नाही.

राहिला मुद्दा की हे सगळं विक्रीसाठी होतं. होतंच. क्रायसिसच्या काळात दुसऱ्या मासिकांच्या कव्हरवर क्रायसिसचं नाव छापायचे आणि आत एखाद्या चौकटीत आकाश लाल झालंय एवढाच संबंध, त्यावरून अशा टाय-इन अंकांना ‘रेड स्काय’ क्रॉसओव्हर हे नावच पडलं. मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ तर 1984 ला मॅटेलच्या खेळण्यांसाठी निघाली, कुणी लपवलंही नाही. पण त्यातल्या आठव्या अंकात स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळाला, तो पोशाख जिवंत निघाला, आणि त्यातून 1988 ला व्हेनम हा खलनायक जन्मला. कथा म्हणून ‘सीक्रेट वॉर्स’ मला आजही पातळ वाटते, सगळे एका ग्रहावर जमतात आणि मारामारी करतात, पण माझ्या पट्टीवर तिला मार्क द्यावेच लागतात. तीच गत ‘झिरो अवर’ची. गोष्ट म्हणून गोंधळ, पण तिने जस्टिस सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना खरोखर म्हातारं केलं, आणि त्यामुळे जेम्स रॉबिन्सन यांना थकलेल्या टेड नाइटच्या, म्हणजे जुन्या स्टारमॅनच्या मुलाची, जॅकची गोष्ट सांगता आली, ती ‘स्टारमॅन’ 2001 पर्यंत चालली. बापाच्या वारशाकडे पाठ फिरवलेल्या, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या मुलाची गोष्ट. खेळण्यांसाठी काढली की साफसफाईसाठी, हे कारण वाचकाने कशाला डोक्यावर घ्यायचं? देऊळ कुणी कुठल्या हिशोबाने बांधलं त्यावरून आतली मूर्ती आपण मोजत नाही.

आणि ‘परत आले म्हणून फुकट’ म्हणणाऱ्यांना एक शेवटचं पान दाखवतो. बॅरी परत आल्यावर हळूहळू वॉली मागे पडला, आणि 2011 ला डीसीने पुन्हा विश्व नव्याने मांडलं तेव्हा तो, आपला तो जुना वॉली, गायबच झाला. पाच वर्षं जवळजवळ कुठेच नाही. 2016 च्या ‘रीबर्थ’ या विशेषांकात तो स्पीड फोर्समध्ये, म्हणजे फ्लॅशना वेग देणाऱ्या शक्तीत, अडकलेला दिसतो, विरत चाललेला, आणि कुणीतरी आपल्याला ओळखावं म्हणून एकेकाच्या समोर प्रकट होतो. बॅटमनसमोर येतो, त्याला ओळख पटत नाही. ज्या बायकोवर जीव होता त्या लिंडासमोर येतो, तीही ओळखत नाही. शेवटी उरतो बॅरी. वॉली आता सुटका मागतच नाही, फक्त आभार मानतो आणि निरोप घेऊन विरायला लागतो, अगदी तसाच झिजत, जसा 1985 मध्ये बॅरी बॅटमनसमोर झिजला होता. आणि बॅरीला आठवतं. तो हात घालून त्याला बाहेर ओढतो, आणि दोघं एकमेकांना मिठी मारून रडतात, एक तो ज्याचा पोशाख रिकामा पडला होता आणि एक तो ज्याने तो उचलून अंगावर घातला होता.